प्रश्न सैल करणारे पराते काका

पराते काकांकडे नवा माणूस आला की ते त्याचं नाव-गाव नंतर विचारत. आधी म्हणत, "तुह्या आईच्या अंगावरची एक खूण सांग." माणूस चमकायचा. आईची खूण काय विचारायची? ती काय कोणाला माहीत नसते? मग तो मोठ्या खात्रीनं काहीतरी सांगायचा, आणि काका ते एका चिठ्ठीवर लिहून त्याच्याच हातात देत. "घरी जाऊन जुळवून पाय. उद्या सांग."

मी एकाहत्तर साली त्यांच्या हाताखाली कारकून म्हणून लागले तेव्हा मलाही त्यांनी हेच विचारलं. मी म्हटलं, उजव्या भुवईवर व्रण आहे, लहानपणी विहिरीचा रहाट लागला होता. संध्याकाळी घरी आले तर आई भाकरी थापत बसली होती. व्रण डाव्या भुवईवर होता. शिवाय हनुवटीखाली चांगला मुगाएवढा तीळ होता, जो मी एकवीस वर्षांत एकदाही पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी काही न बोलता टेबलाशी जाऊन बसले. काका हसले नाहीत. म्हणाले, "चुकली ना? सगळे चुकतात. रोज पाहतो त्या मानसाले आपन पाहतच नाही, वं. जेवन झाल्यावर ताट कोनतं होतं हे कोनाले आठवते?"

ऑफिस रेल्वे स्टेशनापासून पाच मिनिटांवर होतं. एका ट्रस्टचं होतं. नाव सांगत नाही, कारण ट्रस्टी मंडळींना आपलं नाव कुठे छापून आलं की राग येतो, आणि नाही आलं की जास्त येतो. काम एकच, हरवलेली माणसं शोधायची. नागपूरला चारी दिशांच्या गाड्या येतात, त्यामुळे घर सोडलेलं, वाट चुकलेलं, डोकं फिरलेलं माणूस कधी ना कधी आमच्या बाजूनं जायचंच. एकीकडून घरच्यांचे अर्ज येत. दुसरीकडून आसपासच्या जिल्ह्यांतली आणि या गाड्यांच्या वाटेवरची पोलीस ठाणी, दवाखाने, धर्मशाळा यांच्याकडून सापडलेल्यांचे वर्णनाचे कागद येत. सापडलेल्यांत जिवंत थोडे आणि बेवारस मेलेले फार. एका बाजूचा कागद दुसऱ्या बाजूच्या कागदाशी जुळवायचा, एवढंच आम्ही करत होतो. माणूस आमच्याकडे येतच नसे, कागद येत असे.

हे जुळवायची काकांची स्वतःची पद्धत होती. ते कोष्टीपुऱ्यातल्या विणकर घरातले. मागावर लुगड्याच्या काठाची नक्षी उठवायला भोकं पाडलेल्या पट्ट्या लावतात, कोणता दोरा उचलायचा ते भोक ठरवतं. काकांनी तीच अक्कल इथे लावली होती. सापडलेल्या प्रत्येक माणसाचं एक जाड कार्ड, आणि अर्जातल्या हरवलेल्याचंही तसंच एक. कार्डाच्या चारी कडांना भोकं, आणि प्रत्येक भोक म्हणजे एक खूण. हे भोक पुरुषाचं, हे बाईचं. हे तरुणाचं, हे म्हाताऱ्याचं. गोरा, सावळा, उंच, ठेंगणा, दात नसलेला, गोंदण असलेला. जी खूण त्या माणसाला लागू असेल तिचं भोक कात्रीनं कडेपर्यंत कापून मोकळं करायचं. मग कोणी शोधायला आलं की कार्डांचा गठ्ठा धरायचा, हव्या त्या खुणेच्या भोकातून सायकलचा आरा आरपार घालायचा आणि उचलायचा. ज्यांचं भोक कापलेलं ती कार्डं खाली पडत, बाकीची आऱ्याला लटकून राहत. पडलेल्यांचा गठ्ठा करून पुढच्या खुणेतून पुन्हा आरा. "पडलं ते आपलं," काका म्हणत.

पहिल्या महिन्यात मला वाटलं, हे फार सोपं आहे. घरचे सांगतील त्या सगळ्या खुणांतून आरा घालायचा की झालं. आणि पहिल्या महिन्यात माझ्या हातून एकही कार्ड पडलं नाही. शेवटी मी वैतागून गठ्ठा आपटला तेव्हा काका खुर्ची ओढून शेजारी आले. "पोत्याचं तोंड आवळून धरलं तं दाना कसा पडन? प्रश्न थोडा सैल कर. पह्यले रंग सोड. आपलं मानूस सगळ्याइले गोरंच दिसते. मंग वय सोड, मेलेलं मानूस दहा वर्सं म्हातारं दिसते. मंग उंची. कपडे तं धरूच नोको, त्याइनं रस्त्यात बदलले असतीन. गोंदण मात्र सोडू नोको."

"आणि सगळंच सोडलं तर?" मी विचारलं.

"तं अख्खं कपाट अंगावर पडन. मंग बस त्याच्याखाली."

किती सोडायचं आणि कुठे थांबायचं, हीच त्यांची सगळी विद्या होती. ती त्यांना कोणी शिकवली नव्हती. त्यासाठी त्यांनी एक वही ठेवली होती. जो माणूस सापडला त्याची हकीकत ते तिच्यात लिहीत. कसा हरवला, घरच्यांनी काय सांगितलं, खरा कसा निघाला, आणि आपल्याला उशीर कशामुळे झाला. नवा अर्ज आला की कार्डांना हात लावायच्या आधी ते वही उघडत आणि म्हणत, "असाच एक गेल्ता." आधीच्याची गोष्ट काढायची आणि या नव्याच्या अंगाला बसते का ते पाहायचं. जिथे बसत नसेल तिथे उसवून पुन्हा शिवायची.

एकदा एक गृहस्थ वडिलांना शोधत आले. वडील सत्तरीचे, विसरभोळे झालेले, चार दिवसांपासून बेपत्ता. अंगात काळा कोट, हातात काठी. काकांनी वही काढली. असाच एक म्हातारा कळमेश्वरकडचा होता. तो सगळीकडे शोधून शेवटी लहानपणी ज्या शेतात गुरं चारायचा तिथे बसलेला सापडला होता. काका म्हणाले, "तो शेतकरी होता, शेताकडं गेला. तुमचे वडील काय करत?" गृहस्थ म्हणाले, पोस्टमन होते, तीस वर्षं. काकांनी वही मिटली. "बीट कोनता होता?" रामदासपेठ होता. आम्ही दोघं रिक्षानं गेलो. म्हातारा एका बंगल्याच्या फाटकात उभा होता. अंगात बनियन, काठी नाही, हातात जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे. चार दिवस तो घरोघर टपाल वाटत होता, आणि तिथल्या बाया ते टपाल घेऊन त्याला चहा आणि जेवण देत होत्या. मुलानं काळा कोट इतक्या खात्रीनं सांगितला होता की मला हसू आलं. काका मात्र त्या मुलावर कधीच हसत नसत. "घाबरलेल्या मानसाले कोटच आठवते. बापाचं तोंड कसं आठवन?"

मला हे आतून पटलं होतं, कारण माझ्याकडेही अशी एक आठवण आहे. छप्पन साली आमच्या घरच्यांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा मी बाबांच्या खांद्यावर बसून तो पांढराशुभ्र जनसागर पाहिला, हे मी शपथेवर सांगेन. आई म्हणते, तू त्या दिवशी गोवर येऊन घरी पडली होतीस आणि मी तुझ्याजवळ बसले होते. हे मी काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "खोटं नाही ते, मेश्राम बाई. पन कार्डावर लिहू नोको."

म्हातारा पोस्टमन सापडला म्हणून रोज कोणी सापडत होतं असं नाही. दहातल्या आठ अर्जांना उत्तरच नसे. एखाद्याला असे, ते मेलेल्याचं असे. तेही महिना-दोन महिन्यांपूर्वी कुठल्या तरी गावच्या पंचायतीनं जाळून किंवा पुरून मोकळं केलेलं. आमच्या हातात द्यायला राखसुद्धा नसायची. अशा वेळी काका खुर्चीवरून उठत आणि अर्जदाराच्या शेजारी बाकावर जाऊन बसत. पाणी देत. मग कार्ड खालून वर वाचत. आधी गाव, मग जवळच्या वस्तू, मग अंगावरच्या खुणा. शेवटची खूण ते कधीच वाचत नसत, थांबत. समोरचा माणूस ती आपणहून बोलायचा. "शेवटची खूण त्याइलेच सांगू दे," ते मला म्हणत. "आपन सांगतली तं त्याइले वाटते आपनच मारला." बाकावर बसलेल्या काकांच्या खांद्यावर किती माणसं रडली असतील याचा हिशोब नाही. मी टेबलाशी बसून कागद सारखे करत राहायची. दुसरं काही करता येत नसे.

शनिवारी अर्धा दिवस असे. मी निघायची तयारी करत असताना काका खणातून एक कार्ड काढत, समोर ठेवत आणि त्यावरच्या एकेक खुणेनं सगळा गठ्ठा आऱ्यावरून फिरवत. काही पडत नसे. कार्ड पुन्हा खणात. हे मी दोन वर्षं पाहिलं आणि मग न राहवून विचारलं, हे कोणाचं?

"माह्या लहान्या भावाचं," काका म्हणाले. "गनपतचं."

वडील गेले तेव्हा गणपत चार वर्षांचा होता. काकांनीच त्याला वाढवलं, मागावर बसवलं, लग्न करून दिलं. पुढे हातमागाला काम राहिलं नाही. काकांना ही नोकरी मिळाली, गणपत मागच धरून बसला. एक दिवस काका चारचौघांत त्याला बोलले, की हे लाकूड आता चुलीत घाल. गणपत काही बोलला नाही. मोठ्या भावासमोर तो तसाही तोंड उघडत नसे. दोन दिवसांनी उमरेडला लुगडी पोचवून येतो म्हणून गेला तो गेलाच. मी नोकरीला लागायच्या तीन वर्षं आधीची ही गोष्ट. घरी म्हातारी आई होती आणि गणपतची बायको कौशल्या, तेव्हा बावीस वर्षांची. मूल नव्हतं.

मी ते कार्ड पाहिलं. पुरुष, सव्वीस वर्षं, तरुण, उंच, गोरा, दात पूर्ण, उजव्या हातावर विंचू गोंदलेला. सोबत एक फोटो, लग्नाच्या वेळी स्टुडिओत काढलेला, फोटोवाल्यानं ब्रशनं चेहरा उजळवलेला. मी सहज म्हटलं, "काका, रंग सोडून पाहू या का? मग वय."

त्यांनी कार्ड माझ्या हातातून काढून घेतलं. "सोडाचं काय त्याच्यात? मी मांडीवर वाढवला त्याले. मी सांगतो तोच त्याचा रंग."

मी पुढे कधी पुन्हा म्हटलं नाही, आणि याचा मला आजही राग येतो. माझा स्वतःचा. इतरांच्या बाबतीत काकांनी जो नियम मला चार दिवसांत शिकवला, तो त्यांच्या बाबतीत लावायला मला तोंड नव्हतं. मला वाटलं, हा माणूस या विद्येचा बाप, याला मी काय सांगू.

कौशल्याला मी एकदाच पाहिलं होतं, काकांच्या घरी नागपंचमीला गेले तेव्हा. ती आतल्या खोलीत मागासाठी कांड्यांवर सूत भरत बसली होती. काका ओसरीवरून आत आले की ती डोक्यावरून पदर पुढे ओढायची आणि भिंतीकडे तोंड करायची. नवऱ्याचा मोठा भाऊ म्हणजे भासरा. त्यांच्याकडे भावसुनेनं भासऱ्यासमोर उघड्या तोंडानं यायचं नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही, त्याचीही तिच्याशी बोलायची पद्धत नाही. दोघं एका छपराखाली राहत आणि त्यांचं सगळं बोलणं म्हाताऱ्या आईमार्फत चाले. भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा आईला सांगायचं आणि आईनं दोन हातांवर बसलेल्या सुनेला. मी थट्टेनं म्हटलंही, की तुमच्याकडे मधला माणूस आजारी पडला तर उपाशीच राहाल. काका हसले होते.

पुढे उमरेडचा एक विणकर, बायको वारलेला, कौशल्यासाठी विचारायला आला. त्यांच्यात विधवेचा पाट लागतो, म्हणजे तिचं पुन्हा लग्न होतं, त्यात कमीपणा नाही. पण विधवा आहे हे आधी ठरायला हवं. काका म्हणाले, "माहा भाऊ जिता असताना मी त्याच्या बायकोचा पाट कसा लावू? मी शोधून राहिलो ना." हे ते आडमुठेपणानं म्हणाले नाहीत, खरंच मानून म्हणाले. उमरेडवाला चांगला माणूस होता. तो दरवर्षी निरोप पाठवायचा, काही कळलं का म्हणून. दरवर्षी काका मला सांगत, आणि त्या शनिवारी गठ्ठा जरा जास्त वेळ फिरवत.

काका पंचाऐंशीत निवृत्त झाले आणि दोन वर्षांत गेले. त्यांच्या मातीला मी गेले होते. पण मी हे लिहायला बसले ते त्यासाठी नाही. मला सांगायची आहे ती त्याआधीची एक दुपार. गणपतला जाऊन बारा वर्षं झाली होती. पोळा होऊन गेला होता, दिवाळी यायची होती, ऊन चटके देत होतं. काका पोलीस ठाण्यातून आठवड्याचे कागद आणायला गेले होते. दारात एक बाई येऊन उभी राहिली. पदर कपाळापर्यंत. मी ओळखलं.

"भासरे नाहीत ना?" कौशल्यानं विचारलं.

"नाहीत. तासाभरानं येतील."

"मंग माहा फारम लिहा."

मला वाटलं, ती काही दुसऱ्या कामासाठी आली असेल. पण ती बाकावर बसली, घरच्या पुरुषांबरोबर आलेल्या बाया बसतात तशी, काठावर. मी अर्ज काढला. हरवलेल्याचं नाव विचारलं तर म्हणाली, "ते तुमाले माहीत आहे." नवऱ्याचं नाव ती घेणार नव्हती. मीच लिहिलं.

वय?

"गेले तवा सव्वीसचे. पन पाहनारा चाळीसचा म्हने. मागावर वाकून वाकून तसे झाले होते."

रंग?

"काळेच."

उंची?

"माह्याएवढे. बोलताना मले कधी मान वर करा लागली नाही."

माझी लेखणी थांबली. मी तिच्याकडे पाहिलं. ती पाच फुटांनाही चार बोटं कमी असेल. मी दात विचारले.

"वरचा समोरचा नव्हता. धोटा लागला होता तोंडाले." धोटा म्हणजे मागावर सूत घेऊन इकडून तिकडे पळणारं होडीसारखं लाकडी साधन, जोरात सुटलं तर डोळा फोडतं. "पंधरा दिवस पातळ भात खाऊ घातला मी. भासऱ्याइले माहीत नाही. त्याइच्यासमोर हे तोंडावर हात ठेवूनच राहत."

मी विचारलं, "कौशल्याताई, तुम्ही आजच काहून आल्या?"

ती सरळ बोलली. "सासूबाई गेल्या मागच्या वर्सी. अन् उमरेडवाल्यानं पोळ्याच्या आधी दुसरी केली. त्याच्याआधी आली असती तं लोकं म्हनले असते, पाटाची घाई झाली हिले. आता कोनी काही म्हननार नाही. म्हनून आली. निदान काय झालं ते तं कळू दे."

मी नवं कार्ड कापलं. पुरुष, मध्यमवयाचा, ठेंगणा, सावळा, दात नाही, गोंदण. गठ्ठा घेतला आणि आरा घालत गेले. एकही खूण सैल करावी लागली नाही. शेवटच्या भोकातून आरा उचलला तेव्हा टेबलावर एक कार्ड पडलं. एकच.

इटारसीच्या बाजूचं एक लहान स्टेशन. तापानं फलाटावर मेलेला अनोळखी पुरुष. वय अंदाजे चाळीस, वर्ण सावळा, बांधा ठेंगणा, वरचा समोरचा एक दात नाही, उजव्या हातावर विंचू गोंदलेला, जवळ एक पंचा. गणपत घरातून गेला त्यानंतर सतरा दिवसांनी. अंत्यविधी तिथल्याच पंचायतीनं उरकलेला. खाली 'वारस नाही' अशी नोंद. अक्षर पराते काकांचं होतं. बारा वर्षांपूर्वी त्यांनीच तो कागद वाचून, त्यांनीच ते कार्ड लिहून, त्यांनीच कापलं होतं. विंचू तर आमच्याकडे अर्ध्या पुरुषांच्या हातावर असतो. आणि हा काळा, बुटका, बोळका माणूस त्यांचा भाऊ असेल हे त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. तेव्हापासून दर शनिवारी ते कार्ड त्यांच्या हातातून जात होतं आणि आऱ्याला लटकून राहत होतं.

बाहेर सायकल लावल्याचा आवाज आला. कौशल्या उठली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, पदर हनुवटीपर्यंत ओढला. काका दारात थबकले. भावसून ऑफिसात कशी, हे विचारायलाही त्यांना मधलं माणूस हवं होतं. मी दोन्ही कार्डं पुढे केली, तिच्या सांगण्यावरून कापलेलं आणि त्यांच्या अक्षरातलं.

त्यांनी ती उभ्यानंच वाचली. दोनदा वाचली.

"तिले विचार," ते माझ्याकडे पाहत म्हणाले, "दात कोनता."

मी तिच्याकडे वळून विचारलं, दात कोणता. ती माझ्यापासून चार पावलांवर, ते माझ्यापासून तीन पावलांवर. "वरचा. उजव्या अंगाचा," ती भिंतीला म्हणाली. मी काकांकडे वळून तेच सांगितलं, जणू ते बहिरे होते.

"तिले विचार, धोटा कवा लागला."

"गेले त्याच्या आदल्या दिवाळीत."

काकांनी दोन्ही कार्डं शेजारी शेजारी धरली. मग म्हणाले, "तिले विचार, मले काहून नाही सांगतलं."

मी विचारलं. ती भिंतीवर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "त्याइले म्हना, भासऱ्यासमोर बोलाचं कसं? अन् ते तं रोज शोधून राहिले होते. मले वाटे, एवढ्या मोठ्या मानसाले जे सापडत नाही, ते मी अडानी काय सांगू?"

हे मी काकांना परत सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

त्यांनी एक पाऊल बाकाकडे टाकलं आणि थांबले. ज्या बाकावर ते हजार लोकांच्या शेजारी बसले होते, तिथे त्यांना बसता येत नव्हतं. भासरा भावसुनेशेजारी बसत नाही. मग मीच तिला धरून बसवलं, पाणी दिलं, आणि काकांनी शिकवलं होतं तसं कार्ड खालून वर वाचायला लागले. आधी गाव. मग पंचा. मग दात. मग थांबले. "विंचू," कौशल्या म्हणाली, आणि तिनं पदराच्या टोकानं आपलं कपाळ पुसलं. काका दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांचं तोंड बाहेर रस्त्याकडे होतं.

ती घरी पायी निघाली. काका सायकल हातात धरून वीस हात मागून चालत गेले. मी खिडकीतून पाहत होते. मला दोघांपैकी कोणासाठी जास्त रडावं हे कळत नव्हतं, आणि कोणावर रागवावं हे तर आजही कळत नाही. बाईला विचारायला हवं, हे त्या ऑफिसात बारा वर्षांत कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. अर्ज द्यायला बाप यायचे, भाऊ यायचे, सासरे यायचे. मी स्वतः बाई, आणि माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

दर्भाचा पुतळा करून गणपतची क्रिया झाली. काका तेराव्यानंतर कामावर आले, डोकं गुळगुळीत. त्या दिवसापासून अर्ज लिहायला कोणी पुरुष आला की ते म्हणत, घरच्या बाईले घेऊन या. जुन्या अर्जांवरच्या पत्त्यांवर त्यांनी पोस्टकार्डं टाकली, की घरातल्या बायांनी काय सांगितलं ते लिहून पाठवा. चार-दोन उत्तरं आली. बाकीच्यांचं सगळं जुनं झालं होतं. कौशल्या त्याच घरात राहिली, कांड्या भरत. आता मधली आईही नव्हती, तेव्हा ते दोघं एकमेकांशी कसे बोलत असतील हे मी कधी विचारलं नाही.

माणूस मिळाला की त्याची दोन्ही कार्डं दोऱ्यानं एकत्र बांधून वेगळ्या कपाटात ठेवायची, ही आमची रीत. काका आले त्या आठवड्यात मीच ते काम केलं. कौशल्याचं कार्ड आणि इटारसीकडचं कार्ड बांधलं. मग काकांच्या खणातलं ते तिसरं कार्ड काढलं, उंच, गोरा, सव्वीस वर्षांचा, दात पूर्ण. चुकीचं कार्ड फाडून टाकायचं असतं. मी ते फाडायला धरलं तेव्हा काकांनी टेबलावरून हात लांब केला.

"तो राहू दे, वं," ते म्हणाले. "तो अजून मिळाला नाही."

शनिवार होता. ऑफिसात आम्ही दोघंच होतो. काकांनी ते कार्ड समोर उभं केलं, गठ्ठा काढला, पहिल्या भोकातून आरा घातला, आणि दुसऱ्या बाजूनं गठ्ठा मी धरला.